हात न लावण्याची अहिंसा

मांजर मारण्याचे पाप आपल्याकडे फार मोठे मानले जाते. काशीला जाऊन सोन्याची मांजर दान केल्याशिवाय ते फिटत नाही, असे घरोघरी सांगत आले आहेत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारणाऱ्याला प्रायश्चित्त आहे. पण जिन्याखाली एखादे पिल्लू पडलेले असते, त्याचे डोळे पुवाने चिकटलेले असतात, नाक चोंदल्याने वास येत नाही आणि वास येत नाही म्हणून त्याने खाणे सोडलेले असते. इमारतीतली माणसे त्याला ओलांडून कामाला जातात आणि दोन दिवसांत ते मरते. त्याचे प्रायश्चित्त कुणालाच नाही, कारण त्याला कुणी मारलेले नसते. पापाचा हा हिशेब मला अपुरा वाटतो. आपल्या हातून कुणी मेले नाही, एवढ्यावर अहिंसा पुरी होत नाही. आजारी जीवाला उचलले की हात मळतात, निवड करावी लागते, कधी एखादे व्रतही मोडते. एकनाथांनी रामेश्वराला न्यायचे कावडीतले गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजले, ही कथा आपण सर्वांभूती ईश्वर पाहण्याची म्हणून सांगतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे: काशीहून एवढी वाट चालून आणलेला संकल्प त्या क्षणी सुटला. नाथांनी आपले पुण्य राखले नाही, गाढव राखले.

यावर पहिला आक्षेप असा येतो की जगणे-मरणे हे निसर्गाचे चक्र आहे, त्यात माणसाने पडू नये. वाघाच्या बाबतीत यात तथ्य असेल. गल्लीतल्या मांजराच्या बाबतीत नाही. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. इतक्या जुन्या संगतीतला हा प्राणी आज मासळीबाजाराच्या मागच्या कचऱ्यावर, हॉटेलांच्या खरकट्यावर आणि सोसायटीच्या वाहनतळात वाढतो. आपल्या उष्ट्यामुळे त्याची संख्या एका जागी दाटते आणि त्या दाटीतच कॅट फ्लूसारखे संसर्ग झपाट्याने पसरतात. रोगाच्या कारणांत आपण आधीच आहोत. मग केवळ उपचाराच्या वेळी निसर्गाचे नाव घेऊन बाजूला होणे हे न्यायाला धरून नाही. राज्यघटनेच्या कलम 51अ मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे, तिथे माणसांच्या अडचणी संपल्यावर, अशी अट घातलेली नाही.

हात लावायचा म्हणजे कसाही लावायचा, असे मात्र नाही. जैनांचे दशवैकालिक सूत्र ज्ञानाला दयेच्या आधी ठेवते, आणि मांजरांच्या शुश्रूषेत याचा प्रत्यय पदोपदी येतो. ताप आहे म्हणून कुणी मायेने पॅरासिटामॉलची गोळी देतो. त्या द्रव्याचा निचरा करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असल्याने त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच जाते आणि एका गोळीने ते मरू शकते. आईवेगळ्या पिल्लाला गाईचे दूध पाजले की बहुधा जुलाब लागतात. पॅनल्यूकोपेनिया हा संसर्गजन्य विषाणुरोग झालेले पिल्लू कळवळून घरी आणून बाकीच्या पिल्लांत ठेवले, तर एकाच्या दयेपायी सगळी जातात. त्या रोगावर थेट औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारे औषध, प्रतिजैविके आणि ऊब यांच्या आधाराने काही तगतात, आणि विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून निराळी खोली, ब्लीचने धुणे, लस ही सगळी अहिंसेचीच अंगे आहेत. उपास आणि जप यांना आपण साधना म्हणतो. दर चार तासांनी उठून पिल्लाच्या डोळ्यांत थेंब घालण्याला ते नाव द्यायला आपण कचरतो, याचे मला वाईट वाटते.

आता सर्वांत कठीण आक्षेप. जैन तेरापंथाचे संस्थापक आचार्य भिक्षू यांनी अठराव्या शतकात लौकिक दया आणि लोकोत्तर दया यांत भेद केला. ज्याच्या जीवनात संयम नाही त्याचा जीव वाचवणे म्हणजे पुढच्या हिंसेला हातभार लावणे, ते व्यवहारातले उपकार असतील, आत्मधर्म नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. मांजराला तो तंतोतंत लागू पडतो. बरे झालेले मांजर उंदीर मारणार, चिमण्या मारणार. आणि बरे होईपर्यंत आपण त्याला मासळी किंवा कोंबडी भरवणार, कारण शाकाहारावर त्याचे शरीर चालत नाही. हा आक्षेप हसून टाळता येण्याजोगा नाही. महाभारतातला ससाणाही शिबी राजाला हेच विचारतो: कबुतर वाचवलेस, पण माझ्या भुकेचे काय? शिबी त्या भुकेला खोटे ठरवत नाही, स्वतःचे मांस तराजूत घालतो. वाचवणाऱ्याच्या माथी ऋण येते हे कथेला मान्य आहे, आणि ते त्याने स्वतः फेडायचे, इतरांवर ढकलायचे नाही. मांजराच्या संदर्भात याचा अर्थ अगदी रोखठोक आहे. वाचवलेल्या बोक्याची, मांजरीची नसबंदी करायची, शक्य असेल तर घर शोधून त्याला घरातच ठेवायचे म्हणजे पक्षी वाचतील, आणि खर्च सोसायचा. नुसते रोज खाणे टाकून पुण्याचे धनी होणारा माणूस भिक्षूंच्या आक्षेपात सापडतो. हदीसमधल्या मांजर कोंडणाऱ्या स्त्रीची गोष्टही इथे आठवावी: तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती शिक्षेला पात्र ठरली. दुसरा जीव आपल्या ताब्यात घेतला की त्याच्या सगळ्या गरजा आपल्या होतात.

त्या गरजांत कधी मरणही येते का? मणका चिरडलेल्या, मूत्रपिंडे निकामी झालेल्या मांजराला दयामरण द्यावे का, या प्रश्नावर मराठी-गुजराती धर्मभावना अडते. 1834 मध्ये मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली, ती भटक्या कुत्र्यांच्या सरकारी कत्तलीविरुद्ध उसळलेल्या क्षोभानंतर. जीव घ्यायचा नाही हा तिचा पाया, आणि त्या पायावर असंख्य प्राणी जगले. पण जीव घ्यायचा नाही एवढेच ठरवून थांबले, तर वेदनेचा विचार मागे राहतो. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनांत पडले होते. कूस बदलतानाही त्याला वेदना होत आणि इलाज उरला नव्हता. गांधीजींनी आश्रमीयांशी चर्चा केली आणि स्वतः समोर राहून डॉक्टरांकडून त्याला विषाचे इंजेक्शन देवविले. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यावर लिहिलेल्या लेखात त्यांचे म्हणणे असे की, देहाची आणि प्राणाची ताटातूट म्हणजेच हिंसा नव्हे. हिंसा ठरते ती त्यामागच्या स्वार्थाने, रागाने, दुष्टपणाने.

या मार्गाने सोय दयेचा मुखवटा घालून येईल, ही भीती खरी आहे. खर्च परवडत नाही, जागा नाही, बघवत नाही, म्हणून इंजेक्शन, असे होऊ शकते. गांधीजींच्या त्याच लेखात या भीतीचे उत्तर आहे, ते फारसे सांगितले जात नाही. वासरानंतर ते आश्रमाच्या पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांकडे वळतात आणि कबूल करतात की माकडांना मारले तर ती हिंसा होईल, कारण त्यात माकडांचे हित नाही, आपले आहे. कसोटी इतकी नेमकी आहे. बघवत नाही म्हणून मारले, तर दुःख आपले संपते. आंधळे मांजर, तीन पायांचे मांजर, एफआयव्हीचा विषाणू असलेले मांजर वर्षानुवर्षे सुखाने जगू शकते. त्यांना मरण देणे हे माकडे मारण्याच्या जातीचे. ज्याचा श्वास अडतो आहे, औषधाने वेदना आवरत नाहीत, आणि पशुवैद्याच्या मते परतीची वाट नाही, त्याचा प्रश्न वासराचा आहे. तरीही ज्यांना ते इंजेक्शन धर्माच्या आड येते असे वाटते, त्यांच्या मताचा मी आदर करतो. त्या मतासोबत एक काम येते: वेदनाशामक वेळेवर मिळेल, अंथरूण ओले राहणार नाही, पाणी नळीने पोटात जाईल आणि शेवटच्या रात्री कुणीतरी जागे असेल, अशी व्यवस्था त्यांनी पांजरापोळीत आणि घरात उभी करावी.