राखणाऱ्याचे नाव

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१-१६, योहान १०:१-१६

आपल्या मंडळ्यांत पुष्कळांची आडनावे वाडवडिलांच्या धंद्यावरून पडलेली आहेत. कोणी गुरे राखी, कोणी मेंढरे चारी, आणि गाव त्याला त्याच नावाने हाक मारी. मुले शाळेत जाऊ लागली म्हणजे कित्येकांस ते नाव सांगावयास लाज वाटते. ही लाज योग्य आहे काय, याचा विचार करू.

'गवळी' हा शब्द 'गोपाल' यापासून निघाला. गाईंचे पालन करणारा तो गोपाल. 'गोप' म्हणजे मुळात गुराखी. पुढे तोच शब्द रक्षणकर्ता या अर्थी राजालाही लावू लागले. ज्या 'गोत्रा'चा लोक एवढा अभिमान बाळगतात, त्याचा जुना अर्थ गाईंचा गोठा. विद्वान ज्याला 'गवेषणा' म्हणतात, तो मूळचा गाईंचा शोध. इंग्लंडातही शेफर्ड हे आडनाव मेंढपाळाचे आणि काल्व्हर्ट हे वासरे राखणाऱ्याचे. असे थोर शब्द जर गोठ्यातून निघाले, तर गुराख्याला हीन का लेखावे?

शास्त्राकडे पाहा. मिसरी लोकांस मेंढपाळांचा वीट होता (उत्पत्ति ४६:३४). तरी योसेफाच्या भावांनी फारोसमोर आपला धंदा लपविला नाही (४७:३). याकोबाच्या प्रिय पत्नीचे नाव राहेल, म्हणजे मेंढी. दावीद राजाला देवाने मेंढवाड्यातून घेतले, आणि आमोसाला कळपामागून बोलावून संदेष्टा केले. मग ज्या नावाची देवाला लाज वाटली नाही, त्याची आपण का बाळगावी?

परंतु नावाबरोबर कामही येते. इब्री भाषेत मेंढपाळाला 'रोए' म्हणतात, व लॅटिनात 'पास्टर'. दोन्हींचा अर्थ चारणारा. आपण मराठीत 'पाळक' म्हणतो. पाळणे हे क्रियापद किती खोल आहे! आपण जनावर पाळतो, वचनही पाळतो, आणि तान्ह्या मुलाला पाळण्यात निजवितो. जो आपले वचन पाळीत नाही, तो कळप कसा पाळील? यहेज्केलाच्या काळच्या मेंढपाळांस नाव होते, पण ते आपलेच पोट भरीत. दुर्बळाला त्यांनी बळ दिले नाही, जखमी झालेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधिले नाही.

उपदेशक बंधूंनो, हे आपणांस लागू आहे. एखादे कुटुंब तीन आदितवार उपासनेस आले नाही, तर वहीत फुली मारून आपले काम संपते काय? कदाचित त्या घरी आजार असेल, सावकाराचा तगादा असेल, किंवा नातलगांनी वाळीत टाकिले असेल. त्या उंबरठ्यापर्यंत चालत जाणे हीच आपली गवेषणा. लांडगा येताच मोलकरी पळतो. उत्तम मेंढपाळ आपला प्राण देतो.

आणि प्रिय जनहो, तो मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारितो. गावाने तुम्हांला कोणत्याही नावाने हिणविले असो, त्याच्या मुखी ते प्रीतीचेच नाव आहे. म्हणून वडिलांचे नाव ताठ मानेने सांगा, आणि त्या नावाला शोभेल अशी एकमेकांची राखण करा. प्रभु आपणां सर्वांस तसे करावयास कृपा देवो. आमेन.