गाडी तुमचीच, पण सिद्ध करा

"गाडी तुमचीच आहे हो, दिसतंय ना आम्हाला. पण सिद्ध करा."

मुद्देमाल सांभाळणारे हवालदार हे इतक्या सहजपणे, किंबहुना सहानुभूतीनेच बोलले, की त्या वाक्यातला विचित्रपणा मला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या उतरल्यावर जाणवला. दिसतंय, तर मग सिद्ध काय करायचं? आणि सिद्ध करायचं असेल, तर 'तुमचीच आहे' हे कशाच्या जोरावर म्हटलं?

आमच्याकडून इस्त्रीचे कपडे नेणाऱ्या गृहस्थांना सोबत म्हणून मी गेलो होतो. त्यांची मोटारसायकल चोरीला गेली, त्यांनी फिर्याद दिली, पोलिसांनी चोर पकडला आणि गाडी हस्तगत केली. इथवर सगळं आटपाट नगरातलं. अडलं ते आरसी बुकावर. त्यावर नाव दुसऱ्या तालुक्यातल्या एका माणसाचं. त्याने गाडी गॅरेजवाल्याला विकली, गॅरेजवाल्याने यांना विकली, पैसे रोख मोजले गेले, आणि यांच्या हातात पडले ते मूळ मालकाच्या सह्या असलेले, बाकी सगळे कोरे टीटी फॉर्म, म्हणजे गाडी नावावर करण्याचे अर्ज. जुन्या गाड्यांचा आपला बाजार बराचसा असल्या कोऱ्या फॉर्मांवरच चालतो, हे वाचकांना मी सांगायला नको.

ठाण्याच्या मागच्या आवारात गाड्यांची रांग होती. काचांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले गु.र.नं., काही पावसाने पुसट झालेले. एका जीपच्या बॉनेटमधून पिंपळाचं रोप वर आलेलं. यांची गाडी नवीनच आलेली असल्याने अजून धड होती. हँडलला नव्हे, मागच्या बाजूला दोन्हीकडे लोखंडी हूक होते, कपड्यांची गाठोडी अडकवायला त्यांनी वेल्डिंग करून घेतलेले. त्यांनी घरून आणलेली दुसरी किल्ली लावली, लॉक फिरलं. हवालदारांनी चेसिस नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, आकडे उमटले, आरसीशी ताडून पाहिले. सगळं जुळलं. फक्त नाव जुळलं नाही. "कोर्टातून ऑर्डर आणा," असं सांगून त्यांनी विषय संपवला.

हेलपाटे, चहापाणी, 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' हा भाग मी सोडून देतो. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे आणि ज्यांच्या वाट्याला तो आला त्यांना तो पाठ आहे. मला छळत राहिला तो सिद्ध करण्याचा मुद्दा.

माझे एक मित्र आरटीओतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. उभी हयात नोंदवह्यांत गेलेली. त्यांना हकिगत सांगितली तर म्हणाले, "यात कोडं कसलं? नाव ज्याचं, गाडी त्याची. तुमच्या इस्त्रीवाल्यांनी गाडी घेतलीच नाही, फक्त वापरली." मी चिडलो. माणूस रोख पैसे मोजतो, वर्षानुवर्षं पेट्रोल घालतो, टायर बदलतो, तिच्यावर चार घरचे कपडे वाहून पोट भरतो, आणि ती त्याची नाही? मित्र शांतपणे म्हणाले, "वापर म्हणजे मालकी नव्हे."

मान्य. पण नोंद म्हणजे तरी मालकी कुठे? मोटारसायकल ही जंगम वस्तू. तिची विक्री 1930 च्या माल विक्री कायद्याने होते. देणाऱ्याची द्यायची आणि घेणाऱ्याची घ्यायची इच्छा, किंमत आणि वस्तू हवाली करणं, इतक्यात व्यवहार पुरा होतो. नोंद त्यानंतर येते. शिवाय ज्या मोटार वाहन कायद्याच्या भरवशावर माझे मित्र बोलत होते, त्याच 1988 च्या कायद्यातली मालकाची व्याख्या पाहा. नोंद ज्याच्या नावावर तो मालक, हे खरं. पण गाडी हप्त्यांवर, भाडेपट्ट्यावर किंवा तारण ठेवून घेतलेली असेल, तर त्या कराराखाली जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक. म्हणजे खुद्द नोंदीचा कायदा लिहिणाऱ्यांनाही ताब्याला नमस्कार करून पुढे जावं लागलं.

आणि पोलिसांनी जप्त केलेल्या मालाचं काय? 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या 451 आणि 457 कलमांची जागा आता 497 आणि 503 या कलमांनी घेतली आहे. त्यातलं 503 मी दोनदा वाचलं. माल कोणाला द्यायचा? मालकाला, असं तिथे लिहिलेलंच नाही. ताबा मिळण्यास जो हक्कदार आहे त्याला द्यायचा. तो कोण हे ठाऊक नसेल तर मॅजिस्ट्रेटने जाहीरनामा काढायचा आणि दावेदारांना सहा महिन्यांची मुदत द्यायची. थोडक्यात, ठाण्यातला प्रश्न एक आणि कायद्यातला प्रश्न वेगळा. ठाणं विचारतं, ही कोणाची? कायदा विचारतो, ही आत्ता कोणाच्या हाती द्यावी? पहिला प्रश्न दिवाणी कोर्टात वीस वर्षं चालू शकतो. दुसरा एका दुपारी सुटायला हवा, कारण त्याचं उत्तर कायमचं नसतं. सुपूर्तनामा लिहून घेतात तो त्यासाठीच: गाडी विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करीन. उद्या खरा मालक दुसराच निघाला तर गाडी परत मागवता येते.

हा फरक मला इतका आवडला की तो घेऊन मी बरेच दिवस हिंडत होतो. तो नवाही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत पुराव्याची तीन साधनं सांगितली आहेत: लिखित, भुक्ती आणि साक्षी. कागद, वापर, माणसं. यांतलं काहीच नसेल तर मग दिव्य. आपल्यासमोर दुसरा माणूस आपली वस्तू उपभोगतो आहे आणि आपण गप्प आहोत, तर जमिनीच्या बाबतीत वीस वर्षांनी आणि जंगम धनाच्या बाबतीत दहा वर्षांनी हानी होते, असंही त्या स्मृतीत आहे. त्यावर मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर, म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारचे, इथे अडखळले. नुसतं गप्प बसल्याने माणसाचं स्वामित्व कसं जाईल? म्हणून त्यांनी अर्थ लावला की हानी उत्पन्नाची होते, स्वामित्वाची नव्हे. नऊशे वर्षांपूर्वीच्या या पंडिताला आमच्या मोटारसायकलीचा पेच पुरता कळला असता. मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यांत तर भोगवटा हा शब्द पानोपानी येतो. गोतसभा बसायची, म्हातारेकोतारे साक्षी द्यायचे, कागद निघायचे, महजर लिहिला जायचा. आणि कशानेच निभत नसेल तर रवादिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची, आणि काही दिवसांनी पिशवी सोडून हात पाहायचा. अघोरीच सगळं. पण मला त्या सभेतली एक गोष्ट हेवा वाटावी अशी वाटते: तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत. आमच्या गल्लीतली पन्नास माणसं सांगतील की हूक लावलेली ती गाडी कोणाची. त्यांना कोणी विचारत नाही.

बरं, ठाण्यात गाडी अडकून राहण्याने न्यायाचं तरी काही भलं होतं का? सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगून ठेवलं आहे की वाहनं ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ उभी करून काही उपयोग नाही; पंचनामा करा, फोटो काढा, जामीन आणि हमी घ्या आणि सोडा. वकील मंडळी या निकालाला 'सुंदरभाई' म्हणतात. गंमत अशी, की तो खटला उभा राहिला गुजरातमधल्या पोलिसांवरच, आणि त्यांच्यावरचा एक आरोप होता ठाण्यात ठेवलेला मुद्देमाल बदलल्याचा. आता नव्या संहितेत मुदतीही घातल्या आहेत. माल कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं, फोटो काढायचे, लागलं तर व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम द्यायचा. तरी बॉनेटमधला तो पिंपळ काही तीस दिवसांचा नव्हता.

एवढा सगळा दारूगोळा घेऊन मी मित्रांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव ज्याचं आहे, त्या माणसाला कोणी भेटलं का?"

भेटलो होतो की. इस्त्रीवाल्यांच्या वकिलांनीच सांगितलं होतं, मूळ मालकाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र जोडा, कोर्टात पोलिसांचा 'से', म्हणजे त्यांचं म्हणणं, लवकर येईल. म्हणून इस्त्रीवाले आणि मी त्याच्या गावी गेलो. माणूस ओसरीवर बसलेला. गाडीचं नाव काढताच त्याचा चेहरा बदलला. सही करतो म्हणाला, पण पैसे लागतील. मला वाटलं, झालं, नाव ज्याचं त्याची गाडी या तत्त्वाचं हे फळ: काही वर्षांपूर्वी पैसे घेऊन मोकळा झालेला माणूस आता पुन्हा मालक बनून पैसे मागतोय. मित्रांना ऐकवायला याहून चांगला दाखला नव्हता. पण त्या माणसाने खिशातून मोबाइल काढला आणि एसएमएस दाखवायला सुरुवात केली. सिग्नल तोडला, ई-चलान. हेल्मेट नाही, ई-चलान. नो पार्किंग, ई-चलान. सगळी त्या मोटारसायकलीची, सगळी त्याच्या नावावर. "चलान भरा नाहीतर लोकअदालतीत या, म्हणून नोटीस आली. गाडी माझ्या दारात नाही आणि दंड माझ्या दारात. सहीचे नाही मागत साहेब, हे भरायचे मागतोय." इस्त्रीवाले खाली बघत राहिले.

मित्रांना हे सांगितलं तर ते जिंकल्यासारखे हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "चलानाचं सोडा. त्या गाडीखाली कोणी सापडला असता तर?"

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलं आहे. एक गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघात झाला, जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने नोंदीतल्या माणसाला जबाबदार धरलं. कारण सरळ होतं: ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने गाडी कोणाकोणाला विकली गेली याचा माग काढत फिरायचं, असं कायद्याला अभिप्रेत नाही. हे वाचल्यावर माझ्या लाडक्या फरकात मी न पाहिलेली एक बाजू दिसली. ही कोणाची, आणि ही कोणाच्या हाती द्यावी, हे दोन प्रश्न मी मोठ्या हौसेने वेगळे केले होते. तिसरा राहून गेला: ही कोणाच्या माथी? इस्त्रीवाल्यांना गाडीचा उपभोग होता, बोजा नव्हता. मूळ मालकाला बोजा होता, उपभोग नव्हता. टीटी फॉर्म कोरे ठेवण्यात आळस असतो, आरटीओच्या खेपा नकोशा असतात, हे खरं. पण त्या कोरेपणाचा एक फायदाही असतो, आणि तो गाडी वापरणाऱ्याला मिळतो. परत मागताना मालक आणि भरताना तिऱ्हाईत, असं दोन्हीकडून कसं चालेल?

मित्रांचं म्हणणं मी अजूनही पुरतं मान्य करत नाही. जप्त गाडी सोडवताना नोंद हाच एकमेव पुरावा धरणं चूक आहे. फिर्याद, दुसरी किल्ली, चेसिसचा छाप, सहीचे फॉर्म, शेजाऱ्यांचे जबाब, एवढ्यावर हमी घेऊन गाडी तिच्या वापरणाऱ्याला द्यावी, लगेच द्यावी, आणि मूळ मालकाला नोटीस पाठवून त्याचं काही म्हणणं असेल तर ऐकावं. पण त्या हुकुमात एक अट असावी, जी मी आधी कधीच सुचवली नसती: ठराविक मुदतीत गाडी नावावर करून घ्यायची आणि जुनी चलानं भरायची, नाही केलं तर गाडी पुन्हा आवारात. ताब्याचा हक्क ताब्यावरच मिळावा, पण तो टिकावा नोंदीवर. हवालदारांचा 'सिद्ध करा' हा हेका मला सुरुवातीला मूर्खपणाचा वाटला होता. आता वाटतं, मागणी रास्त होती. चुकीची होती ती ती मागणी करण्याची वेळ. ती गाडी घेतली त्या दिवशी कोणीतरी करायला हवी होती.

इस्त्रीवाल्यांनी चलानं भरली. प्रतिज्ञापत्र झालं, हुकूम झाला, गाडी मिळाली. बॅटरी गेली होती, तेवढी बदलावी लागली.

कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी नमुना 29 आणि नमुना 30. तुम्ही कधी काळी विकलेली स्कूटर, भावाला दिलेली कार, गॅरेजवाल्याच्या गळ्यात मारलेली मोपेड आठवा. आज रात्री एम-परिवहनवर तिचा नंबर टाका आणि ती अजून कोणाच्या नावावर आहे ते बघा.