सर्वनामं

समोर येऊन बसलेल्या माणसाची तक्रार मी नंतर ऐकते. आधी सर्वनामं ऐकते.

एकटा आलेला माणूस 'मी' टाळतो. "आपल्याला काय, त्रास होतोच." "माणूस शेवटी किती सहन करणार?" हा माणूस कोण, ते कळेपर्यंत पहिली दोन सत्रं सरतात.

मराठीत राग 'येतो', भीती 'वाटते', रडू 'कोसळतं'. आपण नुसते उभे असतो; जे काय करायचं ते भावनाच करतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तिचा रोख यावरच आहे: घटना राग आणत नाही, घटनेविषयीचा आपला हट्ट आणतो. "साहेबांनी डोकं फिरवलं" इथून "त्यांनी असं बोलताच कामा नये, हा माझा हट्ट" इथपर्यंत यायचं. जड जातं. व्याकरणच आपल्या बाजूने साक्ष देत असतं.

जोडपं आलं की तृतीय पुरुष सुरू. "मॅडम, तुम्हीच सांगा ह्यांना." "हिला जरा समजावा." दोन फुटांवर बसलेल्या माणसाला निरोप धाडायला लोक फी भरतात! मरे बोवेन यांनी याला त्रिकोण म्हटलं. दोघांतला ताण दोघांना पेलवेना, की तिसरं कुणी ओढून आणायचं. सासू, मुलगी, मोबाइल, शेवटी मी. मी खुर्ची थोडी मागे घेते. "त्यांच्याकडे बघून सांगा." बराच वेळ कुणी बोलत नाही. नवरा घड्याळ बघतो. मी बघत नाही.

नव्या जोडप्यांत दोन्हीकडून अरे-तुरे असतं. बरं वाटतं. पण भांडणात 'तू'ला जी धार येते, ती 'ह्यांना'ला कधी नव्हती.

सिएटलला जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांच्या मतभेदाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला लावलं. टीका, तुच्छता, बचाव, अबोला या चारांत संसाराला सर्वांत घातक त्यांना तुच्छता दिसली. मराठीत तिला एक 'म्हणे' पुरतं. "दमले म्हणे!"

मारहाण असेल तर वरचं सगळं बाजूला. तिथे "त्यांच्याकडे बघून सांगा" म्हणणं क्रूरपणा आहे. तिथे तिची वेळ वेगळी, त्याची वेगळी, आणि आधी ती आज रात्री कुठे झोपणार हा प्रश्न. समेट हे प्रत्येक समुपदेशनाचं ध्येय असतं, हा गैरसमज सुशिक्षितांतही पक्का आहे.

इंग्रजीचं एका 'वुई'वर भागतं. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं. "आमच्याकडे असं चालत नाही," हे लग्नाला वीस वर्षं होऊनही जिला ऐकावं लागतं, ती घरात असते, वाक्यात नसते.

'आपण'ही दर वेळी भाबडं नसतं. "आपल्या घरातलं बाहेर सांगायचं नाही." या एका 'आपण'खाली किती जणांचं 'मी' दबलेलं असतं!

"हा आमचं ऐकत नाही," आईवडील म्हणतात. "हे माझं ऐकत नाहीत," मुलगा म्हणतो. क्रियापद एकच. त्यांना आज्ञापालन हवंय, त्याला कान.

कुटुंब आलं की वडील बोलतात, आई मधून मधून दुरुस्त्या करते आणि ज्याच्यासाठी सगळे आलेत तो खिडकीबाहेर बघतो. मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या मिलानमधल्या सहकाऱ्यांची एक युक्ती इथे कामी येते: दोघांमधलं तिसऱ्याला विचारायचं. मी धाकटीला विचारते, "आई रडायला लागली की बाबा काय करतात?" "टीव्हीचा आवाज वाढवतात." "आणि दादा?" "दादा मग बाबांशी भांडण काढतो." दुखणं म्हणून ज्याला आणलं, तो घरातला अग्निशामक निघतो. आता त्याला एकट्याला बरं कसं करायचं?

ही सगळी परदेशी नावं घेतली खरी, पण अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंत राहायला बोलावलं होतं. "ह्याला ठेवून घ्या, बरा झाला की कळवा," ही रीत त्यांनी मोडली. साल्व्हादोर मिनुचिन यांचं कुटुंबोपचारावरचं गाजलेलं पुस्तक १९७४ मधलं. तंबूंवर मात्र आपण फारसं लिहिलं नाही.

महत्त्वाचं बोलणं शेवटच्या पाच मिनिटांत निघतं, चपला घालता घालता. पूर्वी याचा राग यायचा. (आणायचे, म्हणायला हवं.)

परवाचं जोडपं तासभर 'ह्यांना' आणि 'हिला' यांच्या पलीकडे गेलं नाही. बाहेर पाऊस लागला होता. दारात ती म्हणाली, "आपल्याला रिक्षा मिळेल का आता?" तो म्हणाला, "बघतो." मी वहीत तेवढीच नोंद केली.

पुढच्या बुधवारी दोघं आले नाहीत. बरं चाललंय, एवढाच निरोप आला. कुणी पाठवला, ते त्यावरून कळत नव्हतं.