दिग्व्रत आणि बॅटरी

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका चार्जिंगमध्ये किती जाते? शोरूमकडे उत्तर तयार असतं, आणि ते दरवर्षी वाढत जातं. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॅट-अवरची बॅटरी होती आणि दावा ३१२ किलोमीटरचा होता. २०२४ मध्ये त्याच नावाची गाडी ४५ किलोवॅट-अवर आणि ४८९ किलोमीटरवर पोचली. हे आकडे चाचणीतले. एसी लावून खंडाळ्याचा घाट चढताना ते खाली येतात, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते वेगळंच: गाडी किती जाते हे विचारण्याआधी, मला किती जायचं आहे हे स्वतःला विचारायला हवं. हा दुसरा प्रश्न मी धर्माचा मानतो, कारण आपल्या हालचालीला आपणच हद्द घालावी का, हे त्यात दडलेलं आहे.

जैन परंपरेने तो फार पूर्वीच नेमका मांडला. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, बारा व्रतांत दिग्व्रत येतं. गृहस्थाने सर्व दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा ठरवायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ही मर्यादा कशाने आखावी तेही सांगितलं आहे: समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, एखादा प्रदेश, नाहीतर सरळ योजनांत मोजून. विचार असा, की गृहस्थ जिथे जाईल तिथे त्याच्या हातून थोडीफार हिंसा होणारच. पण हद्दीपलीकडे तो फिरकणारच नसेल, तर तिथल्या जिवांपुरता तो जवळपास मुनीच ठरतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे जे अतिचार, म्हणजे दोष, दिले आहेत त्यांत क्षेत्रवृद्धी आहे, म्हणजे लोभाने ठरलेलं क्षेत्र वाढवून घेणं. पश्चिमेकडची उरलेली योजनं पूर्वेला जोडण्याची युक्तीही त्यातच मोडते. आखलेली हद्द विसरून जाणं हासुद्धा अतिचारच. माणूस स्वतःलाच कसा गुंडाळतो याची इतकी बारीक जाण मला फार थोड्या नीतिग्रंथांत दिसते.

पण या व्रतामागचं एक गृहीतक इलेक्ट्रिक गाडीने उलटंपालटं केलं आहे. न गेलेली जागा अबाधित राहते, असं ते गृहीतक. पेट्रोलच्या गाडीला ते लागू पडत होतं. टाकी पंचेचाळीस लिटरची असली आणि आपण पाचच लिटर जाळलं, तर उरलेल्या टाकीची किंमत थोड्याशा पत्र्याएवढी. बॅटरीचं तसं नाही. तिच्यातला प्रत्येक किलोवॅट-अवर गाडी जागची हलण्याआधीच खाणीतून, भट्टीतून आणि कारखान्यातून गेलेला असतो. त्यातलं लिथियम चिलीच्या अटाकामासारख्या वाळवंटात खारं पाणी महिनोन् महिने उन्हात आटवून काढलेलं असू शकतं. स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१९ मध्ये अंदाज दिला, की एक किलोवॅट-अवर बॅटरी बनवताना ६१ ते १०६ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. त्या हिशेबाने तिसावरून पंचेचाळिसावर जाणं म्हणजे साधारण एक ते दीड टन. ज्या रस्त्यांना आपण कधी लागणारच नाही, त्यांची हिंसा आगाऊ झालेली असते. जाण्याची नुसती शक्यता विकत घेणं हाच इथे उपभोग आहे, आणि वापरात न येणारी शक्यता श्रावकाच्या दुसऱ्या एका व्रताच्या, अनर्थदंडविरतीच्या, कक्षेत येते: निष्प्रयोजन हिंसा टाळा.

टेस्लाने तर हे उघडच करून दाखवलं. २०१६ च्या सुमारास विकलेल्या काही मॉडेल एस ६० गाड्यांत बॅटरी प्रत्यक्षात ७५ किलोवॅट-अवरची होती. वरच्या भागाला सॉफ्टवेअरचं कुलूप होतं आणि पैसे भरले की ते उघडत असे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडाकडे येऊ लागलं, तेव्हा कंपनीने तिथल्या गाड्यांचं कुलूप दुरूनच, तात्पुरतं काढलं. लोकांना दूर जाता यावं म्हणून ते केलं, यात वावगं काही नाही. पण कुलुपामागचे सेल रोज त्या गाडीबरोबर फिरत होते, मालकाला त्यांचा काही उपयोग नसताना. अपग्रेड म्हणून जे विकलं जात होतं ते आधीच खणून, घडवून, गाडीत बसवून झालेलं होतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. रात्री दोन वाजता आजाऱ्याला घेऊन निघावं लागलं, वाटेतला चार्जर बंद निघाला, बॅटरी पाच-सात वर्षांत थोडी उतरली, तर जादा रेंज हा लोभ कसा? तो लोभ नाहीच. दिग्व्रतही माणसाला अंगणात कोंडत नव्हतं. व्यापारासाठी दूर जाणारा श्रावक तशी ऐसपैस हद्द घेऊ शकत होता. अट इतकीच, की ती विचारपूर्वक घ्यावी आणि आठवणीत ठेवावी. घर ते जिल्हा रुग्णालय, परत, आणि वर तिसरा हिस्सा राखीव, ही मर्यादाच झाली. ‘असू दे, कधी लागलीच तर’ या वृत्तीला मात्र काठ नसतो. एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर शिवाई ही इलेक्ट्रिक बस सोडली. तिथे अंतर आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे किती बॅटरी पुरे याला उत्तर होतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ज्याला लहान बॅटरीच परवडते तो काय व्रती झाला? नाही. लंगड्याचं न चालणं व्रतात मोजत नाहीत. आणि मोठी बॅटरी घेणारा त्यामुळे पापी ठरत नाही. रोज पुणे-मुंबई फेरी मारणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या मोठ्या बॅटरीतलं फारसं काही वाया जात नाही. ती डिझेल वाचवते आणि बनवतानाचं उत्सर्जन फेडून टाकते. एकाच मोठ्या बॅटरीमुळे घरातली दुसरी, पेट्रोलची गाडी निघून जात असेल, तरी हिशेब मोठ्या बॅटरीच्याच बाजूचा. पण रोज बावीस किलोमीटर ऑफिसला जाणारा आणि वर्षातून एकदा गणपतीला कोकणात उतरणारा माणूस जाण्यायेण्याच्या त्या दोन दिवसांसाठी उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस दीडपट बॅटरी ओढत असतो. त्याने चिपळूणच्या अलीकडे अर्धा तास चार्जिंगला थांबावं, नाहीतर त्या दोन दिवसांपुरती रेल्वे धरावी.