संकल्प कोणाचा, पाऊस कोणाला?

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात आमचे घर आहे. कान्ह नदीकाठच्या होळकरांच्या छत्र्यांवरून रोज पहाटे सायकल काढावी आणि राजवाड्याला वळसा घालून परतावे, हा माझा वीस-पंचवीस वर्षांचा नेम. शाळेतही मी सायकलनेच जातो. मुख्याध्यापक सायकलवरून येतात याचे पालकांना कौतुक वाटते आणि ते कौतुक मला आवडते, हेही येथेच सांगून टाकलेले बरे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात, शाळा उघडण्याआधी, नववीत जाणाऱ्या भाच्याला घेऊन मी कोकणात गेलो. सायकली रेल्वेच्या मालडब्यातून आणल्या होत्या. सावंतवाडीहून आजगावमार्गे शिरोडा गाठायचे आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकडच्या रस्त्याने वेंगुर्ल्याला जाऊन तेथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची बाग पाहायची, असा बेत होता. १९५७ साली सुरू झालेले हे केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. गावाचेच नाव घेऊन ओळखल्या जाणाऱ्या काजूच्या जाती, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला 'रत्ना' आंबा, ही त्या बागेची देणगी. पुस्तकातले झाड मुलाने डोळ्यांनी पाहावे आणि तेथवर स्वतःच्या पायांनी जावे, असे माझ्या मनात होते.

शिरोड्याच्या मुक्कामी मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत याच गावातल्या शाळेत शिक्षक होते, ही एक. आणि १९३० साली येथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ही दुसरी. तात्पर्यही मीच काढून दिले : सोसल्याशिवाय माणूस घडत नाही.

सकाळी निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. आरवली मागे पडली आणि मोचेमाडच्या चढाला लागेपर्यंत तो कोसळू लागला. आमच्या माळव्यातला पाऊस येतो आणि जातो. हा जणू तेथेच राहायला आला होता. रस्त्याच्या कडेने तांबडे पाणी धावत होते. मुलाचे ओठ निळसर दिसत होते. "मामा, थंडी वाजून राहिली आहे," तो आमच्या इंदुरी मराठीत म्हणाला. "चढ लागला की घाम येईल," मी म्हणालो.

एक टेम्पो शेजारी येऊन थांबला. चालकाने डोके बाहेर काढले. "काकानू, पावस वाढतलो. झिलाक आत बसवा, सायकली मी मागे टाकतंय." मी हसून नको म्हणालो. आम्ही सायकलने जायचे ठरवले आहे, असेही म्हणालो. भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घालून पुन्हा पायडल मारू लागला.

त्या रात्री वेंगुर्ल्याच्या लॉजमध्ये त्याला १०३ ताप होता. डॉक्टर येऊन गेले. सकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा मुलानेच तो माझ्या हातून घेतला आणि स्पष्ट शब्दांत म्हणाला, "मामांनी मला थांबायला सांगितले होते. मीच ऐकले नाही." मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही.

ताप दोन दिवसांत उतरला. पण ते गप्प राहणे अजून उतरलेले नाही.

मुलांना कष्टांची सवय लावू नये, असे मी आजही म्हणणार नाही. तीस वर्षे शाळेत काढलेला माणूस तसे म्हणूच शकत नाही. पाढे पाठ करणे हे कष्टच आहेत, आणि ते आम्ही मुलाला विचारून देत नाही. मग त्या चढावर चुकले ते काय?

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मानासाठी केलेले तप राजस, आणि हट्टाने शरीराला पीडा देऊन केलेले तामस. मी हा अध्याय अनेकदा शिकवला आहे. पण दुसऱ्याच्या शरीरावर आपले तप करता येते, हे मला मोचेमाडला कळले. शिरोड्याचे सत्याग्रही स्वतःच्या निश्चयाने मिठागरांकडे गेले होते. माझा भाचा मामाच्या निश्चयाने भिजत होता. दोन्हीकडे सोसणे दिसते, म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आता मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारतो. तो त्या टेम्पोत बसला असता तर कोणाचे काय कमी झाले असते? बाग तीच राहिली असती, झाडेही तीच. कमी झाली असती ती परत आल्यावर मी सांगणार होतो ती हकीकत. मुलाच्या भल्यासाठी म्हणून आपण त्याला जे सोसायला लावतो, त्यातून आपला हा वाटा वजा करून पाहावा. उरले तर ते खुशाल द्यावे. आणि आणखी एक : 'पुरे' म्हणण्याची मुलाला मुभा हवी, आणि ते म्हटल्याने आपल्या नजरेतून तो उतरणार नाही याची त्याला खात्री हवी. माझ्या भाच्याला ती नव्हती. म्हणून तर तो माझ्यासाठी खोटे बोलला.

चौथ्या दिवशी आम्ही रिक्षाने बाग पाहायला गेलो. काजूची नवी कलमे ओळीने आडोशाला ठेवली होती, जोडावर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड आज कोकणाचे पोट भरते, असे मी सांगत होतो. भाच्याने मध्येच तेथल्या माळ्याला विचारले, "पाऊस इतका असतो, मग ही आत का?" माळी म्हणाला, "कलमाक पाऊस व्हयो. पण आधी जोड भरूक व्हयो." मुलाने मान डोलावली. माझ्याकडे त्याने पाहिले नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

हा लेख संपादकांकडे पाठवण्याआधी मी बहिणीकडे गेलो आणि तीन वर्षांपूर्वीची खरी हकीकत तिला सांगितली. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, "दादा, मला त्याच दिवशी कळले होते. तो इतके शुद्ध मराठी कधी बोलतो का?"

मग तिने मला जेवायला बसवले. भाचा समोरच बसला होता. या डिसेंबरात पुन्हा कोकणात जाऊ या, असे तोच म्हणाला. आणि रस्ता या वेळी तो ठरवणार आहे.