कारवीचे बी आणि फलाशा

फळाची आशा सोडून कर्म करावे, हा गीतेचा उपदेश ज्याने श्रद्धेने ऐकला आहे, त्याच्या मनात, बी पेरण्यासारख्या, ज्याचे सारे प्रयोजनच फळात आहे अशा कर्माला तो लागू कसा करावा, ही शंका कधी ना कधी उद्भवतेच. आणि सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी ती शंका विशेष तीव्र करते. मुंबईलगतच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवीला बहर आला तो २००८, २०१६ आणि २०२४ या साली. मधल्या सर्व वर्षांत तिच्या काठ्यांना शेणमातीने लिंपून कुडाच्या भिंती उभ्या करणाऱ्यांखेरीज तिची दखल फारसे कोणी घेत नाही.

पठारावर बुटकी, गोलसर वाढते ती टोपली कारवी निराळी. ही पुरुषभर किंवा त्याहून उंच, खरखरीत, दातेरी पानांची, उतारावर दाट रान माजवणारी. श्रावण-भाद्रपदात निळीजांभळी फुले येऊन गेली की झाड वाळते. बोंडे मात्र वाळल्या फांद्यांवर टिकून पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशी तडतडून फुटतात. संरक्षित अरण्याला हात न लावता, खासगी रानातून मालकाच्या संमतीने, ती फुटण्याआधीच उतरवावीत आणि पहिल्या पावसाबरोबर निचऱ्याच्या जमिनीत बी वरवर पेरावे.

आता, ज्याला फुलाची इच्छाच नाही तो ही बोंडे ओळखील कशाला, आणि कोवळी रोपे गुरांपासून राखील तरी कशाला? कर्मामागे हेतू असणे वेगळे आणि त्याच्या फळात मन गुंतणे वेगळे, हा भेद मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिणाऱ्या लोकमान्यांनाही अभिप्रेत होता. माझ्या मते निषिद्ध आहे तो हक्कच: मी पेरले, सबब बहर माझ्याच वहिवाटीचा, हा मनाशी करून ठेवलेला दस्तऐवज.

फळ धरून मरणाऱ्या कारवीलाच निष्कामतेची गुरू मानण्याचा मोह अनेकांना होतो. तो मला मान्य नाही. तिला इच्छाच नाही, मग तिने त्याग कशाचा केला? इच्छा आहे ती सत्तरी ओलांडून बी पेरणाऱ्या माणसाला, जो आठ वर्षांची मुदत आपल्या हाती नाही हे पुरते जाणतो, तरीही रोपांभोवती काटेरी कुंपण घालतो आणि बहराचे साल शेजारच्या मुलांना सांगून ठेवतो.