सध्या काय करतोस?

मनुष्य काम करतो म्हणून त्याला मोल असते, की मनुष्याला मोल आहे म्हणून त्याच्या कामाला मोल येते? हा प्रश्न वरकरणी शब्दांचा खेळ वाटेल. परंतु ज्या घरात शिकलासवरलेला मुलगा काम शोधतो आहे, त्या घरात तो रोज जेवणाच्या पाटावर येऊन बसतो.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागण्यास आला. आयटीआयमधून फिटरचे शिक्षण झालेले. वडील पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या भोजनगृहात कामाला. पसरणीचा घाट उतरून तो शिरवळला जाई. तेथे जमले नाही की पुढे चाकणला. काम मिळे तेही कंत्राटदारामार्फत. काही महिने सरले की सुटी आणि पुन्हा नवा दाखला. दर रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर मी त्याला आपुलकीने विचारीत असे, "काय रे, सध्या काय करतोस?" पुढे तो दिसेनासा झाला. आईजवळ चौकशी केली तेव्हा ती माउली म्हणाली, "फादर, तो येतो, पण बाहेर सगळे तेच विचारतात, म्हणून शेवटच्या आशीर्वादाआधीच निघून जातो." माझी आपुलकी त्याला काट्यासारखी बोचत होती, हे मला ठाऊकच नव्हते.

सातारा-सांगलीकडील घरांना हे दुःख नवे नाही. या भागातील कितीतरी पुरुषांनी मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य वेचले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील असंख्य पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर कारखानदारीचे रूप पालटले. वाहनांचे व यंत्रांचे नवे कारखाने आले. पण पूर्वी दहा हातांनी होणारे काम यंत्र करू लागले आणि उरलेल्या हातांपैकी बरेच कंत्राटी झाले. कंत्राटी कामगारांविषयीचा २०२५ पर्यंत लागू असलेला कायदा १९७० चा. त्याच्या नावात 'नियमन' आणि 'निर्मूलन' असे दोन शब्द होते. दुसरा शब्द बहुतांशी कागदावरच राहिला.

कारखानदार म्हणेल, "मी धर्मादाय संस्था चालवीत नाही. मागणी घटली तर पगार कोठून देऊ?" या म्हणण्यात तथ्य आहे. कारखाना बुडाला तर कोणाचीच चूल पेटणार नाही. मग दोष कोणाचा?

पोप दुसरे जॉन पॉल यांनी मुंबईच्या त्या संपाच्या चारच महिने आधी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, मानवी श्रमावरील आपले परिपत्र प्रसिद्ध केले. तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्या परिपत्राचा गाभा. त्यात 'अप्रत्यक्ष मालक' अशी एक कल्पना आहे. मजुरी देणारा तो प्रत्यक्ष मालक. पण ज्या धोरणांनी, संस्थांनी आणि व्यवहारांनी कामाच्या अटी ठरतात, ते सारे अप्रत्यक्ष मालक. स्वस्तात स्वस्त वस्तू मागणारे आपण या जबाबदारीतून सर्वस्वी मोकळे आहोत काय?

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण पुष्कळदा ऐकतो आणि सर्वांना सारखी मजुरी कशी, यावरच अडतो. त्यातील एक गोष्ट मात्र नजरेतून निसटते. तेथे मजूर काम शोधीत दारोदार हिंडत नाहीत. मालक स्वतः बाजारात जातो, एकदा नव्हे, पाचदा. दिवस मावळतीला आला असता उभ्या असलेल्यांना तो आळशी ठरवीत नाही. त्यांना कोणी बोलावलेच नाही, हे त्यांचे उत्तर तो खरे मानतो.

असा मालक केवळ दाखल्यातच असतो असे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्याच सांगलीकडे, कुंडलजवळच्या औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला. खेड्यांतील माणसांना त्यांनी कारागीर केले. शिक्षा भोगून आलेल्यांनाही विश्वासाने कामावर ठेवले. त्या माळावर केवळ नांगर घडले नाहीत, माणसेही घडली.

आपल्याला कारखाने काढता येणार नाहीत. बाजारापर्यंत मात्र जाता येईल. कोठे जागा निघाली हे कळताच निरोप पोहोचविता येईल. कंत्राटाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो जाणत्याकडून वाचून घेता येईल. निवृत्त झालेल्या कारागिरांना आपला हातखंडा पोरांना देता येईल. आणि लग्न जुळविताना, पंगतीत बसविताना, काम नसलेल्याला एक पायरी खाली उतरविण्याची खोड आपल्याला सोडता येईल.

तो तरुण अद्याप कंत्राटावरच आहे. रविवारी भेटला की मी त्याला आईची प्रकृती विचारतो, त्याने पाहिलेल्या नव्या यंत्राविषयी विचारतो. कामाचे तो आपण होऊन सांगतो, कधी सांगत नाही. परंतु हल्ली तो आशीर्वाद होईपर्यंत थांबतो.